निळा रंग उडाला की…

वर्धा जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही. रक्त घ्यायला रात्री दारी येणारं पथक इथल्या गावांनी पाहिलं आहे. रात्रीच का? या रोगाचे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा-अकरानंतर बोटाच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. पण रक्तात जंतच उतरले नाहीत, तर काचपट्टीवर दिसणार काय?

यावर सेवाग्रामात वेगळी वाट शोधली गेली. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जमनालाल बजाज यांच्या नावाचं उष्णकटिबंधीय रोगांचं संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी जंताऐवजी जंताने रक्तात सोडलेली प्रथिनं शोधली. ती पकडायला वापरली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तीही रुग्णांच्याच रक्तातून वेगळी काढलेली. त्यांना पेनिसिलिनेज हे विकर जोडलं. वर स्टार्च, आयोडीन आणि पेनिसिलिनचं निळं द्रावण. प्रथिन सापडलं असेल तर तिथे अडकलेलं विकर पेनिसिलिन फोडतं, त्यातून बनलेला पदार्थ आयोडीन ओढून घेतो आणि निळा रंग उडतो. उत्तर नुसत्या डोळ्यांना दिसतं! खेड्यातल्या साध्या प्रयोगशाळेचा असा विचार करणारं विज्ञान मला फार मोलाचं वाटतं.

प्रतिपिंडांचं काम रोगाच्या चाचणीपुरतं नाही. हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशींत कॅल्शियम आत घेणारी दारं, म्हणजे कॅल्शियम चॅनेल, शोधतानाही प्रतिपिंडंच कामी येतात. रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी अशाच एका दारावर काम करते. विजेच्या दाबाने उघडणाऱ्या या दारांचा मुख्य भाग घडवणारी १० जनुकं माणसात आहेत, आणि त्यांची प्रथिनं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. धाकट्याच्या शोधात निघालेलं प्रतिपिंड थोरल्यालाच धरून बसलं, तर सूक्ष्मदर्शकाखालचं झगमगतं चित्रही खोटं ठरतं. हत्तीरोगाच्या चाचणीतही दुसऱ्याच जंताचं प्रथिन असंच चकवू शकतं.

म्हणून खरी परीक्षा प्रथिन नसतं तिथे होते. हत्तीरोग नसलेल्या भागातल्या निरोगी माणसाच्या रक्तात निळा रंग टिकलाच पाहिजे. ज्या उंदरातून चॅनेलचं जनुकच काढून टाकलंय, त्याच्या ऊतीत प्रतिपिंड चिकटता कामा नये. प्रतिपिंडाची बाटली मागवणाऱ्या विद्यार्थ्यांनो, हा पुरावा आधी मागा, आणि तो नसेल तर प्रयोग सुरू करू नका.