हात दिसला पाहिजे

मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता हे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे जगन्मान्य संचालक. उजव्या हातातील छडीने लय राखावी, डाव्या हाताने नाद चढवावा-उतरवावा, हे संचालकाचे काम. स्वतः तो एकही सूर वाजवीत नाही. म्हणून ध्वनिमुद्रिकेत त्याच्या कामाचे फळ ऐकू येते. काम दिसते ते चित्रपटातच.

पुच्चिनीचे ‘तोस्का’ हे संगीतनाटक १९९२ साली रोममध्ये कथेतल्याच जागी, कथेतल्याच वेळी सादर होऊन दूरचित्रवाणीवर थेट दाखविले गेले. गायक चर्चमध्ये, राजवाड्यात, किल्ल्यावर. मेहता व वादक मात्र दूर स्टुडिओत. गायकांना त्यांचा हात दिसे तो पडद्यावर. त्या हातावरच सारा मेळ उभा होता. १९९८ साली बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात झालेले ‘तुरांदोत’ही असेच चित्रित झाले आहे.

आपल्याकडे संचालक नसतो. पण गवई हाताने सूर रेखतो, नजरेने तबलजीला समेवर बोलावतो. देवासचे उस्ताद रजब अली खाँसाहेब १९५९ साली निवर्तले. त्यांचा आवाज थोड्या ध्वनिमुद्रणांतून ऐकता येतो; परंतु त्यांना समोर बसून गाताना पाहिलेले वडीलधारे आता विरळाच.

आज घरोघरी चित्रण करणारा फोन आहे. तेव्हा धार-देवासच्या आपल्या कुटुंबांतील बुजुर्ग गावयास वा वाजवावयास बसले, की नुसता आवाज घेऊन थांबू नये. त्यांचे हात आणि मुद्राही टिपून ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती.