चिंता आणि रक्ताभिसरण

कापणीस आलेलें भात शेतांत उभें असावें आणि आभाळ भरून यावें. अशा वेळीं भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील शेतकऱ्याची छाती धडधडूं लागते, तळहात गार पडतात, तोंडास कोरड पडते. मोजणीच्या तारखेस कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या वादी-प्रतिवादींचीही हीच अवस्था आम्हीं वर्षानुवर्षें पाहिली आहे. काळजीनें रक्त आटतें असें आपण म्हणतों. वस्तुतः रक्त आटत नाहीं, त्याची वाटणी बदलते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी आहेत. भय वाटतांच मेंदूकडून मज्जातंतूंच्या द्वारें त्यांस इशारा जातो व त्या अॅड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात. त्यायोगें हृदय जलद व जोरानें चालतें. दारें धरणारा गडी एका वाफ्याचें दार बुजवून दुसऱ्याचें फोडतो, त्याप्रमाणें कातडी व आंतडीं यांचें रक्त कमी होऊन स्नायूंकडे वळतें. हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत हा विषय सविस्तर मांडला. बिबट्या समोर आला असतां ही व्यवस्था प्राण वांचविते. परंतु बांधाचा दावा वर्षानुवर्षें चालतो, तेथें पळण्याचा कांहीं उपयोग नाहीं.

एकटी चिंता कायमचा रक्तदाब जडविते असें नव्हे. परंतु तिच्या मागोमाग झोपमोड, तंबाखू व दारू येतात आणि त्यांनीं तो वाढतो. म्हणून रक्तदाब मोजतांना आधीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें. दवाखान्याच्या धास्तीनेंही आंकडा चढतो. यास्तव निरनिराळ्या दिवशीं मोजून नोंद ठेवावी. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, व चालू असलेली गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. धडधड होत असतां मिनिटास सुमारें सहा, असे संथ श्वास घेतल्यास हृदयाची गति मंदावते.

मात्र छातींत दाब, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ आणि गार घाम अशीं लक्षणें दिसल्यास, "काळजीनें होतें" म्हणून पडून राहूं नये. डोंगरांतील वाडीपासून रुग्णालय दूर असतें आणि हृदयविकारांत गेलेला वेळ परत येत नाहीं. तात्काळ १०८ क्रमांकावर कळवावें, व रोग्यास चालवीत नेऊं नये.