गालिच्याची परीक्षा पाठीवरून

गालिचा विकत घेताना बहुधा त्याचा रंग, नक्षी आणि मऊपणा पाहिला जातो. परंतु तो किती वर्षे टिकेल, हे यांपैकी कशावरूनही कळत नाही. ते ठरते गालिच्याच्या रचनेवर, म्हणजेच वरची लव मुळाशी कशाने धरून ठेवली आहे यावर. सभागृह, वाचनालय वा विश्रामगृह यांसाठी सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्यांना ही रचना ओळखता येणे अगत्याचे आहे.

उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर हा हातविणीच्या गालिच्यांचा प्रसिद्ध प्रदेश होय. भदोहीच्या गालिच्यास २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील परंपरागत पद्धतीत मागावर सुताचा उभा ताणा लावतात. ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून तिची टोके कापतात. गाठींची ओळ पूर्ण होताच आडवा बाणा घालून ती पंजाने ठोकून घट्ट बसवितात. गाठींची कापलेली टोके हीच गालिच्याची लव. गाठ आणि बाणा या दुहेरी पकडीमुळे ती सहजासहजी उपटून येत नाही. मात्र दोनऐवजी चार धाग्यांवर एकच गाठ मारली, तर काम लवकर उरकते, पण वीण विरळ होऊन गालिचा लवकर झिजतो.

चौरस इंचात १०० गाठी धरल्या, तर ६ फूट रुंद व ९ फूट लांब गालिच्यात ७,७७,६०० गाठी होतात. एका विणकराने दिवसाला ६,००० गाठी मारल्या असे मानले, तरी त्यास सुमारे १३० दिवस लागतील. अशा गालिच्याच्या किमतीत या श्रमांचा वाटा मोठा असतो.

‘टफ्टेड’ गालिच्याची रचना अगदी वेगळी असते. चौकटीवर ताणलेल्या कापडात हातयंत्राने लोकर टोचली जाते. गाठ मुळीच नसते. पाठीवर लॅटेक्सचा लेप देऊन त्यावर दुसरे कापड चिकटवितात. काम झपाट्याने होते व किंमत कमी पडते. परंतु सारी लव या लेपाच्या आधाराने राहते. कालांतराने लेप सुकून त्याची भुकटी होऊ लागली, की लव सुटू लागते. थोड्या वर्षांच्या वापरासाठी असा गालिचा घेण्यास हरकत नाही. मात्र तो गाठींचा म्हणून विकला गेला, तर खरेदीदाराचे पैसे वाया जातात आणि प्रामाणिक विणकराची मजुरी बुडते.

हा भेद ओळखणे कठीण नाही. गालिचा उलटून पाहावा. गाठींच्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी स्पष्ट दिसते आणि गाठी मोजता येतात. त्याच्या टोकाची झालर हे ताण्याचेच धागे असतात. टफ्टेड गालिच्याची पाठ कापडाने झाकलेली असते व झालर असल्यास ती वेगळी शिवलेली असते.

केवळ गाठींची संख्याही पुरेशी नाही. जिवंत मेंढीची कातरलेली, लांब तंतूंची लोकर दबली तरी पुन्हा उभी राहते. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून काढलेली लोकर ठिसूळ असते. वर्दळीच्या जागी उंच व विरळ लवेपेक्षा आखूड व दाट लव अधिक टिकते. शाळेत मुलांच्या रोजच्या बैठकीसाठी तर बिनलवेची सतरंजीच सोयीची. ती झटकता येते आणि दोन्ही बाजूंनी वापरता येते.

म्हणून मागणीपत्रात नुसते ‘गालिचा’ असे न लिहिता विणीचा प्रकार, चौरस इंचातील गाठी, लोकरीचा दर्जा आणि लवेची उंची नमूद करावी व माल स्वीकारताना त्याची पाठ अवश्य तपासावी.