वर्गात मूल हात उचलतं तेव्हा

आजचा विषय आपल्या शिक्षकांच्या खोलीत रोज निघतो, पण बैठकीत कुणी काढत नाही. वर्गातलं एखादं मूल बाक लाथाडतं, वही फाडतं, शेजारच्याला मारतं. छडी आपण कायद्यानं खाली ठेवली. मग आता करायचं काय?

एका मुलापासून सुरुवात करू. गळीत हंगाम सुरू झाला की कराड भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि काही पोरं आपल्या शाळांत दाखल होतात. असाच एक मुलगा बीडकडून आला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेश वयानुसार, म्हणून सहावीत बसवला. वाचन दुसरीच्या पोराइतकं. 'का'ला 'कामून' म्हणायचा, त्यावर वर्ग हसायचा. पहिल्या पंधरवड्यात त्यानं तीनदा पुढच्या बाकावरच्या मुलाला मारलं. तिन्ही वेळा त्याला वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या वेळेला मात्र आम्ही एक साधी वही केली. तिच्यात तीन रकाने: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'मस्तीखोर', 'संस्कार नाहीत' असले शब्द लिहायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं.

आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. मारामारी मैदानावर होत नव्हती, डबा खाताना होत नव्हती. ती मराठीच्या तासाला, ओळीनं मोठ्यानं वाचायला सांगितलं की व्हायची. त्याची पाळी दोन मुलांवर आली की पेन्सिल बाकावर आपटायला लागायची, मग पाय हलायचे, मग हात. आणि नंतर काय, तर बाहेर उभा. म्हणजे आपल्याला शिक्षा वाटत होती आणि त्याची वाचनातून सुटका होत होती. मारलं की वाचावं लागत नाही, हे आपणच त्याला तीनदा शिकवलं!

याचा अर्थ मार खाल्लेल्या मुलानं सोसायचं असा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा व्याख्यानांत सगळी माया मारणाऱ्यावर जाते. हात उगारला गेला की आधी मार लागलेल्याकडे जायचं. शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलवायला मॉनिटरला पाठवायचं. गरज पडली तर बाकीची मुलं व्हरांड्यात न्यायची. चिडलेल्या पोराला ओढत बाहेर काढण्यापेक्षा ते सोपं पडतं. त्याच्याशी बोलताना आवाज खाली, शब्द थोडे, समोर छाती काढून उभं राहायचं नाही. दंड धरायचा नाही. कुणाला इजा होणारच असेल तेव्हाच अडवायचं. 'का मारलंस?' हा प्रश्न तर त्या वेळी नकोच. धापा टाकणाऱ्या मुलाला उत्तर देता येत नाही, आणि चाळीस जणांसमोर विचारलं की तो माघारही घेऊ शकत नाही. पाणी पिऊ दे, श्वास खाली येऊ दे. बोलणं नंतर, एकट्याशी.

दोनशिक्षकी शाळेत शेजारचे गुरुजी स्वतःच दोन-तीन वर्ग सांभाळत असतात, हे आम्हाला माहीत आहे. तिथं कोण धावून येणार हे जूनमध्येच ठरवून ठेवावं लागतं. हत्यार निघालं, लैंगिक प्रकार झाला किंवा घरी मारहाण होते असं दिसलं, तर ते एकट्या शिक्षकानं मिटवायचं प्रकरण नाही. मुख्याध्यापकांना लगेच सांगायचं; १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. ऐकू कमी येणं, शिकण्यातली अक्षमता असं काही वाटलं तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवायचं.

मग पालक येतात. "त्या पोराला काढा." २००९ च्या कायद्याचं कलम १७ मारायला मनाई करतं आणि कलम १६ आठवी पूर्ण होईपर्यंत काढून टाकायला. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची मुभा दिली, काढण्याची नाही. काढून टाकण्यावरून आठवलं, याच तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊरावांना विद्यार्थीदशेत कोल्हापूरच्या वसतिगृहातून काढलं होतं. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि त्यासाठी आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला. पण नियम मोडणाऱ्याला बाहेर काढलं की प्रश्न संपतो, ही समजूत तेव्हाचीच.

पालकांची भीती मात्र खरी असते. 'समजून घ्या हो' एवढ्यानं ती जात नाही. त्यांना नेमकं सांगावं लागतं: तुमच्या मुलाची जागा बदलली, मधल्या सुट्टीत अमुक सर उभे असतात, काही झालं तर त्यानं यांना सांगायचं.

त्या मुलाचं आम्ही एवढंच केलं. ओळीनं वाचन बंद. त्याला आदल्या दिवशी दोन ओळी द्यायच्या, त्या त्यानं तयार करून आणायच्या. पेन्सिल आपटायला लागली की बाई फळा पुसायला बोलवत, तेवढ्यात पाळी पुढे जाई. 'कामून'वर हसणाऱ्यांना वेगळं बसवून समजावलं. नंतर एकदा त्यानं धक्का दिला, नाही असं नाही. ज्याला दिला त्याची पडलेली पुस्तकं त्यानंच गोळा केली, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच वर्गात त्याच बाकावर होता.

हंगाम संपला, टोळी परतली. शिक्षण हमी कार्डासोबत आम्ही पुढच्या शाळेसाठी अर्धं पान जोडलं: मोठ्यानं वाचायला अचानक उठवू नका, आदल्या दिवशी दोन ओळी द्या, पेन्सिल आपटायला लागला की हातात काहीतरी काम द्या, गणित तोंडी चांगलं करतो.