अश्वशक्ती मोजायची कशी, वाढवायची किती?

पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे जाताना एखादी मोटार बारीक शिट्टी घालीत भर्रकन पुढे निघून जाते. ती शिट्टी टर्बोचार्जरची! “सर, अशा गाडीची ताकद ‘ट्यून’ करून वाढवतात म्हणे. ती येते कोठून?” असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. उत्तर मुळशीतच सापडते.

मुळशी जलाशयाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा येथे उतरते आणि तेथील टर्बाइनची चाके फिरवते. टर्बोचार्जरमध्येही असेच एक चाक असते. पण ते फिरते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. तेव्हा हवा अधिक भरली की पेट्रोलही अधिक जाळता येते.

आता शक्ती मोजू या. गाडीची चाके ‘डायनॅमोमीटर’च्या रोलरवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवतात. रोलरला विरोध करून इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढतात. सूत्र सोपे आहे:

शक्ती = २π × टॉर्क × दर सेकंदाचे फेरे

चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या गाडीच्या १.२ लिटर इंजिनाचा टॉर्क मिनिटाला १५०० ते ४१०० फेऱ्यांपर्यंत १७५ न्यूटन-मीटर असे. १५०० फेऱ्यांना शक्ती येते २७.५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३७ अश्वशक्ती. ४१०० फेऱ्यांना तीच होते ७५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १०२ अश्वशक्ती. टॉर्क तोच, पण शक्ती पावणेतीनपट!

मग हवा आणखी दाबली तर? सायकलचा पंप मारताना तो तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. २७° से. ची हवा १.८ पट दाबाला नेली, तर ती निदान ८२° से. पर्यंत तापते. त्यामुळे तिची घनता १.८ पट न होता जेमतेम दीडपट होते. म्हणून ती ‘इंटरकूलर’मधून थंड करून घेतात. एवढे करूनही दाब फार वाढवला, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. सिलिंडरमध्ये ठोके बसतात आणि दट्ट्या फुटूही शकतो. जाणता तंत्रज्ञ डायनॅमोमीटरवरचा आलेख पाहत हवेचा दाब आणि ठिणगीची वेळ थोडी थोडी बदलतो. ठोक्याची चाहूल लागताच तो थांबतो.

इंजिन सुधारले, तरी ब्रेक आणि टायर जुनेच राहतात. वेग ताशी ६० वरून ८५ किलोमीटर झाला, की गतिज ऊर्जा दुप्पट होते आणि गाडी थांबण्यास अंतरही दुप्पट लागते. ताम्हिणी घाटातल्या ओल्या वळणावर हे गणित कोणालाच माफ करीत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही. म्हणून असे प्रयोग शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच शोभतात.

तुमची स्वतःची अश्वशक्ती किती? ५० किलोग्रॅमचा मुलगा ३ मीटर उंचीचा जिना ५ सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती २९४ वॅट, म्हणजे ०.४ अश्वशक्ती. शाळेचा जिना मोजा, घड्याळ लावा आणि तुमचे उत्तर काढा!