लेसरच्या आधी चेहऱ्यावरचे केस कसे सांभाळावेत?



ऊस, खत आणि बिलाच्या हिशेबातून थोडी सवड काढून आज लेकीबाळींच्या एका अडचणीविषयी लिहितो. चारचौघांत कुणी हे बोलत नाही. पोरी मात्र मनात कुढत राहतात.

माझ्या पुतणीला हनुवटीवर आणि ओठावर राठ केस यायचे. दर आठ दिवसांनी पार्लरमध्ये दोरा फिरवायचा, मधल्या दिवसांत चिमट्याने उपटायचे आणि तोंडाला ओढणी लावूनच कॉलेजला जायचे. शेवटी लेसरसाठी तिला शहरात त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. ते म्हणाले, "आज काही करता येणार नाही. सहा आठवडे केस उपटू नका, मग या." एसटीचे भाडे गेले आणि दिवसही गेला.

कारण साधे आहे. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग पकडतो आणि त्याची उष्णता मुळाला दुबळे करते. दोरा, वॅक्स, चिमटा यांनी केस मुळासकट निघतो. मग प्रकाशाने पकडायचे काय? म्हणून आधी चार ते सहा आठवडे उपटणे बंद. ब्लीचने रंग जातो, तेही नको.

मग तोवर तोंड लपवायचे का? मुळीच नाही. केस वस्तऱ्याने काढावेत. आमच्या आई ओरडल्या, "पोरीला दाढी येईल की!" मंडळी, उसाचा खोडवा फुटतो, कारण बुडख्याला डोळे असतात. कातडीवरचा केस निर्जीव. तो कापल्याची मुळाला खबरही नसते. कापलेले टोक बोथट असते म्हणून हाताला राठ लागते, एवढेच.

तोंड कोमट पाण्याने धुवावे, फेस लावावा, नवे पाते केसाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावे. दुसऱ्याचे पाते वापरू नये. शेतात जाताना तोंड उन्हापासून झाकावे. रापलेली कातडी लेसरने भाजून डाग पडू शकतात.

पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. पुष्कळदा मूळ पीसीओएसमध्ये असते. ते तसेच ठेवले तर नवे केस येतच राहतात. केस एकाएकी वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर एक दिवसही थांबू नका.

आणखी एक. लेसरचे काम एका सिटिंगमध्ये होत नाही, अनेक लागतात. केस कमी होतात, पण काही परतही येतात. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. तिथे सुईने विजेचा उपचार करतात. त्यासाठी केस थोडा वाढलेला लागतो, म्हणून आधी काही दिवस वस्तराही बंद ठेवावा लागतो. "एका दिवसात कायमचे" या जाहिरातीला भुलू नका.

पुतणीने सहा आठवडे वस्तऱ्यावर काढले, मग लेसर सुरू केले. आता पाच सिटिंग झाल्या, केस विरळ झाले. तोंडावरची ओढणी खांद्यावर आली. तुमच्या घरीही एखादी पोर ओढणीआड बसली असेल, तर तिच्याशी आधी बोला.