मदतीला आली, पाहुणी झाली!

जूनच्या सुमाराला अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर गेलात, तर एक घोळका हमखास दिसेल. वीस-पंचवीस कॉलेजकुमार आणि कुमारी, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर बायबलमधलं वचन आणि खाली एखाद्या देशाचं नाव. ऑफिसची आउटिंग नाही की कॉलेजची ट्रिप नाही. ही आहे चर्चची समर मिशन ट्रिप! सुट्टीत आठ-दहा दिवस एखाद्या गरीब देशात जायचं, घर नाहीतर शाळा बांधायची, मुलांना येशूच्या गोष्टी सांगायच्या आणि परत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या २००५च्या पाहणीवरून काढलेला आकडा सांगतो, की अमेरिकेतल्या चर्चमधले सुमारे १६ लाख लोक वर्षाला अशा ट्रिपवर परदेशात जातात. यातल्या कितीतरी मुलांच्या पासपोर्टवरचा तो पहिलाच शिक्का असतो.

तर समजा, अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे. टेक्ससची म्हणा, टेनेसीची म्हणा. निघालीय होंडुरासला. मध्य अमेरिकेतला हा स्पॅनिश बोलणारा, डोंगराळ, कॉफी पिकवणारा छोटा देश. खर्च स्वतःचा स्वतः उभा करायचा, असा नियम. मग काका, मामी, शेजारी, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना पत्रं. शनिवारी चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या धुवायच्या, रविवारी केक विकायचे. दीड-दोन हजार डॉलर असे जमतात. आपल्याकडच्या गणपतीच्या वर्गणीला लाजवेल अशी चिकाटी!

पहिला दिवस. एकेकाळी राजधानी तेगुसिगाल्पाच्या तोंकोंतिन विमानतळावर डोंगरांच्या मधून, आखूड धावपट्टीवर विमान उतरायचं. आता २०२१पासून मोठी विमानं पाल्मेरोलाला उतरतात आणि तिथून घाटातून बस. बसमध्येच सूचना सुरू होतात. नळाचं पाणी प्यायचं नाही. दातसुद्धा बाटलीच्या पाण्याने घासायचे. अंघोळ करताना तोंड मिटून. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, नाहीतर पाइप तुंबतो. (आपल्याला यात काय नवल? पण तिला हा डबा म्हणजे धक्काच असतो.)

गंमत बघा. विमानात बसेपर्यंत ही मुलगी मदत करणारी होती. उतरल्यापासून दोन तासांत तिलाच प्रत्येक गोष्टीत मदत लागायला लागते. शाळेत दोन वर्षं घेतलेलं स्पॅनिश खाण्याची ऑर्डर देण्यापुरतं. समोरच्या मावशी काहीतरी विचारतात, ही नुसतीच हसते. मावशी पुन्हा विचारतात, जरा मोठ्या आवाजात. शेवटी हातात एक बालेयादा ठेवतात. म्हणजे मैद्याची जाडसर पोळी दुमडलेली, आत घोटलेला राजमा, चीज आणि क्रीम. आपल्यापैकी कोणालाही पहिल्याच घासाला आवडेल.

दुसऱ्या दिवशी काम. सिमेंट, वाळू, पाणी जमिनीवरच कालवायचं, फावड्याने. अकरा वाजेपर्यंत हाताला फोड. गावातला गवंडी एकटा जेवढं काम करतो, त्याच्या पावपट काम चार मुलं मिळून करतात. तो बिचारा काही बोलत नाही. दुपारनंतर यांनी लावलेला थर ओळंब्यात नाही म्हणून उतरवतो आणि पुन्हा लावतो.

संध्याकाळी चर्च. इथे तर फिरकीच होते. होंडुरासमध्ये आज कॅथलिक आणि इव्हँजेलिकल जवळपास बरोबरीने आहेत. त्यामुळे देवाची ओळख करून द्यायला आलेली मुलगी जिथे बसते, ते चर्च आधीच खचाखच भरलेलं असतं. गिटार, भलामोठा स्पीकर, दोन तास उलटले तरी गाणी चालूच. आणि सत्तरीची एक आजी हिच्या डोक्यावर हात ठेवून हिच्यासाठीच प्रार्थना करते.

मग ही ट्रिप नेमकी कोणासाठी?

प्रश्न खवचट वाटेल, पण तो चर्चच्याच लोकांनी विचारलाय. १९९८च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला आणि घरं बांधायला अमेरिकेतून गटच्या गट आले. कर्ट व्हर बीक हे ख्रिस्ती कॉलेजातले समाजशास्त्रज्ञ तिथेच राहत होते. त्यांनी हिशेब मांडला, तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. विमानभाडं वगैरे धरून अशा गटाचं एक घर पडत होतं साधारण ३० हजार डॉलरला. तेच घर स्थानिक संस्था २ हजारांत बांधत होती. म्हणजे एकाच्या पैशात पंधरा! बरं, घर कोणी बांधलं याने त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला त्यांना दिसला नाही. त्याआधी १९६८मध्ये इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोला निघालेल्या विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं, की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका.

आयोजकांकडेही उत्तर आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, मामी पैसे देते ती भाचीला. होंडुरासच्या घरासाठी पत्र पाठवलं असतं तर तिने उघडलंही नसतं. खरंय. आपण तरी कंपनीच्या सीएसआर डेला पिवळा टी-शर्ट घालून झाडं लावायला जातो, तेव्हा माळ्याला विचारतो का, की त्याला काय हवंय?

या ट्रिपांचे पणजोबा मात्र थेट आपल्या मुंबईत सापडतात. १८०६मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी पावसात गवताच्या गंजीआड बसून परदेशी मिशनचं स्वप्न पाहिलं. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला परत धाडायचा घाट घातला, तरी तो टिकला, मराठी शिकला आणि १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला कॉलऱ्याने गेला. सिंथिया फरार १८२७मध्ये आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२मध्ये अहमदनगरलाच वारल्या. धर्मप्रसाराबद्दल तुमचं मत काहीही असो, पण त्यांच्याकडे रिटर्न तिकीट नव्हतं आणि भाषा शिकायला वर्षं होती.

आपल्या मुलीकडे दहा दिवस आहेत. चौथ्या दिवशी पोट बिघडतं, ओआरएस घेऊन येते ती त्याच मावशी, जिचं घर बांधायला हा सगळा खटाटोप. पाचव्या दिवशी फावडं, वाळू आणि 'अजून पाणी घाल' एवढं स्पॅनिश कळायला लागतं. गवंडी आता तिने लावलेली एखादी वीट तशीच राहू देतो. आणि मुलांना गोष्टी सांगायचा तास आज दुभाष्याने बुडवलाय, त्यामुळे पोरंच तिला गाणं शिकवत बसलीयत.